ट्रेलर आमचाच होता

उत्कर्षाला गाडीची भीती अशी कधीच नव्हती. पौडला माहेरी असताना ती वडिलांचा ट्रॅक्टर चिखलातून बाहेर काढायची. लग्न होऊन भूगावला आली तर चांदणी चौकातली गर्दीही तिनं चार दिवसांत अंगवळणी पाडून घेतली. त्यामुळे त्या दुपारी ताम्हिणीतल्या हॉटेलाबाहेर गाडीची चार्जिंगची वायर काढताना आपल्याला भीती का वाटतेय, हे तिचं तिलाच कळेना.

गाडी विजेवरची होती. हिंजवडीच्या नोकरीत बढती मिळाली तेव्हा इंद्रजितनं, तिच्या नवऱ्यानं, हौसेनं घेतलेली. आणि गाडीच्या मागं होता तिचा ट्रेलर. म्हणजे तिचं फिरतं स्वयंपाकघर. पिरंगुटच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेलं. आत स्टीलचा ओटा, दोन शेगड्या, दोन सिलिंडर, पाण्याची मोठी टाकी आणि एका बाजूला वर उचलायची खिडकी. शनिवार-रविवारी मुळशीच्या पाण्याकाठी तो उभा राहिला की पिठलं-भाकरी आणि झुणक्याला रांग लागायची. धंद्याचा चांगला जम बसत होता. म्हणूनच कोलाडजवळच्या एका रिसॉर्टनं दोन दिवसांच्या मेळाव्यासाठी बोलावल्यावर तिला नाही म्हणवेना.

ट्रेलर घेऊन घाट उतरायची ही पहिलीच वेळ.

"शंभर टक्के भरली बघ," इंद्रजित पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "उगाच घाबरत होतीस."

घाबरायला कारण होतं. एरवी भूगावहून ताम्हिणीपर्यंत यायला बॅटरी जेवढी खर्च व्हायची, त्याच्या दुप्पट आज झाली होती. मागचं वजन ओढताना गाडी वीज नुसती पीत होती. खाली उतरल्यावर चार्जर मिळेल न मिळेल, म्हणून दोघांनी इथंच थांबून, जेवून, बॅटरी काठोकाठ भरून घेतली.

"टाकीतलं पाणी तरी सोडून देऊ या का?" उत्कर्षा म्हणाली. "खाली भरून घेता येईल."

"आणि नाही मिळालं तर? पन्नास माणसांचा चहा कशात करणार? चल, बस."

ट्रेलर लावलेला असला की गाडी तीच चालवायची, कारण रोजचा हात तिचा होता. ती बसली. गाडी सुरू करताच पडद्यावर एक पिवळी ओळ आली. बॅटरी पूर्ण भरलेली आहे, गाडी आपोआप हळू होण्याची क्षमता कमी राहील, ब्रेक वापरा, अशा अर्थाची. तिनं ती वाचली. इंद्रजितनंही वाचली.

"ते नेहमीचंच असतं," तो म्हणाला.

पहिली दोन वळणं गेली. मग खरा उतार लागला आणि उत्कर्षानं सवयीनं पाय उचलला. रोज असा पाय उचलला की गाडी स्वतःच स्वतःला आवरायची. कुणीतरी मागून पदर धरल्यासारखी हळू व्हायची. उतारावर फिरणाऱ्या चाकांतून निघालेली वीज परत बॅटरीत जायची आणि त्यातच वेग मरायचा. आज बॅटरीत जागाच नव्हती. पाय उचलला तरी गाडी तशीच निघाली. वर मागून ट्रेलरनं एक धक्का दिला. हलकाच, पण पाठीच्या मणक्यात बसला.

तिनं ब्रेक दाबला. वेग उतरला. ब्रेक सोडला, की ट्रेलर पुन्हा अंगावर आला. टाकीतलं पाणी आत हेलकावे खात होतं आणि प्रत्येक वळणावर ट्रेलरचं शेपूट एकदा इकडं, एकदा तिकडं झोके खात होतं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता. वर्कशॉपवाल्यानं विचारलं होतं, तेव्हा एवढ्याशा रस्त्याला काय करायचाय म्हणून इंद्रजितनंच नको सांगितलं होतं.

"हळू घे," इंद्रजित म्हणाला.

"हळूच घेतेय. ती होत नाहीये."

उजवीकडं दरी होती. डावीकडं काळा कातळ आणि त्याच्या पायथ्याशी पावसाळी पाण्याचं गटार. समोरून पर्यटकांच्या गाड्या हॉर्न वाजवत वर येत होत्या. उत्कर्षाचे तळवे ओले झाले, स्टिअरिंग निसटतंय असं वाटायला लागलं. आणि नेमकं तेव्हाच, का कोण जाणे, तिच्या डोक्यात ज्ञानदा आली.

ज्ञानदा तिची शाळेतली मैत्रीण, पौडला विम्याचं काम करायची. ट्रेलर तयार झाला तेव्हा तिनं उत्कर्षाला समोर बसवून बजावलं होतं. "हे बघ उत्कर्षे, ट्रेलर म्हणजे गाडीची शेपटी नव्हे. ते वेगळं वाहन. त्याची नोंदणी वेगळी, त्याचा विमा वेगळा. आणि तुझ्या गाडीनं काही ओढायला गाडी बनवणाऱ्या कंपनीची परवानगी आहे का, ते आधी बघ. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांना नसते. नसली आणि काही झालं, तर गाडीचा विमासुद्धा तुझ्या हातात राहायचा नाही." उत्कर्षानं हे सगळं घरी सांगितलं. इंद्रजित म्हणाला, कागदपत्रांचं माझ्यावर सोड. पुढं एकदा तिनं विचारलं, तर तो म्हणाला, झालं म्हणून समज.

"इंद्रजित," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "ट्रेलरचा विमा केलायस ना?"

त्यानं सीटबेल्ट ओढून घट्ट केला.

"इंद्रजित!"

"आल्यावर करणार होतो. अगं, गाडीला ओढायची परवानगीच नाहीये, मग ट्रेलरची नोंदणी तरी कशी... मी बघत होतो काहीतरी. तू आत्ता रस्त्याकडं बघ."

उत्कर्षाला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं. म्हणजे इतके महिने, पाण्याकाठच्या त्या गर्दीतून, शाळा सुटलेल्या पोरांच्या बाजूनं आपण हे धूड तसंच ओढत होतो. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला श्वास उरला नव्हता. जळक्या रबरासारखा वास येत होता. ब्रेकचा. तिनं पुन्हा पाय दाबला तर पायाखालचं पॅडल मऊ लागलं. लोण्यात पाय घातल्यासारखं.

"ब्रेक लागत नाहीयेत," ती म्हणाली.

वळण संपलं आणि समोर मेंढरं होती.

रस्ताभर. पांढरी, काळी, तांबूस, अंगाला अंग लावून घाट चढणारी. त्यांच्या पुढं डोक्याला पटका बांधलेला एक माणूस आणि पार मागं एक म्हातारी. माणसानं मान वर केली. गाडीचा वेग त्याला कळला असावा, कारण तो पळून गेला नाही. दोन्ही हात पसरून, तोंडानं हुर्र हुर्र करत त्यानं अख्खा कळप दरीच्या कठड्याकडं दाबायला सुरुवात केली. डोंगराची बाजू मोकळी होत गेली. गाडीपुरती. ट्रेलरपुरती नाही.

उत्कर्षानं गाडी गटारात घातली.

डावी चाकं खाली गेली, दगड पत्र्याला घासत गेला, काच फुटली, एअरबॅग फाटकन उघडल्या आणि गाडी कातळाला अंग घासत थांबली. ट्रेलर मात्र थांबला नाही. जोडाशी काहीतरी काडकन मोडलं. आरशात तिला दिसलं, की ते चकचकीत धूड आडवं फिरलं, रस्ता झाडून काढल्यासारखं कठड्याकडं गेलं आणि एका कुशीवर कलंडलं.

मग मेंढरांचा आवाज. आणि त्या आवाजातून वर आलेली एका बाईची हाक.

"बाजी! माज्या बाजी!"

उत्कर्षा दार ढकलून बाहेर पडली. मेंढरं वाट फुटेल तिकडं उधळली होती. दोन कठड्यापाशी पडली होती, हलत नव्हती. म्हातारी ट्रेलरपाशी बसकण मारून दोन्ही हातांनी पत्रा उचलायला बघत होती. पत्र्याखाली तिच्या मुलाचा उजवा पाय होता, गुडघ्यापासून खाली. बाजी शुद्धीत होता. तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि आवाज अजिबात नाही. त्या नसलेल्या आवाजानंच उत्कर्षाला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तेवढ्यात तिला वास आला. गॅसचा.

कलंडलेल्या ट्रेलरच्या आतून बारीक फुस्स ऐकू येत होतं. दहा पावलांवर तिच्याच गाडीच्या चाकांतून धूर निघत होता.

"मागं हो! उत्कर्षा, मागं हो!" इंद्रजित लांबून ओरडला. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

मागं व्हावं असं तिला फार वाटलं. पाय मागं वळलेही. पण म्हातारी काही हलत नव्हती. वास तिलाही आला असणार, तरी ती मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. आतलं सगळं फक्त उत्कर्षाला माहीत होतं. कुठलं सिलिंडर कुठं, कुठला कॉक कुठल्या बाजूला फिरतो. ती गुडघ्यांवर बसली आणि वाकड्या झालेल्या खिडकीतून आत शिरली.

आत अंधार होता आणि डोळ्यांना झोंबत होतं. ओटा आता भिंत झाला होता. तिखटाचा डबा फुटून सगळीकडं पसरला होता, टाकीचं पाणी अंगावर गळत होतं. तिचा हात सिलिंडरपर्यंत पोचला. नळी उपटून आली होती. कॉक नेहमी उजवीकडं फिरायचा, पण सिलिंडर आडवं पडलेलं, आता उजवं कुठलं? तिनं एका बाजूला पीळ दिला तर फुस्स वाढलं. तिच्या घशातून रडं फुटलं. तिनं उलटा पीळ दिला. आणखी दिला. बोटं सोलवटली. आवाज थांबला.

ती रांगत बाहेर आली. ती तिथंच रस्त्यावर ओकली.

वरून एक पिकअप आला, खालून एक टेम्पो. माणसं उतरली. कुणीतरी बांबू आणला, कुणी पहार लावली, आणि सात-आठ जणांनी मिळून ट्रेलर चाकांवर उभा केला. बाजीचा पाय सुटला. पाय म्हणावा असा तो दिसत नव्हता. म्हातारीनं डोक्यावरचा पदर फाडून मांडीला आवळून बांधला. तेव्हा कुठं बाजी पहिल्यांदा ओरडला.

घाटात मोबाइलला रेंज नव्हती. टेम्पोवाला म्हणाला, "आमी वर जाऊन एकशेआठला फोन करतो. ह्याला हलवू नका, हाड पार बाहेर आलंय." माणसांनी वाट मोकळी व्हावी म्हणून ट्रेलर कठड्याच्या बाजूला ढकलून ठेवला. तिथं कठडा फुटलेलाच होता. मग एकेक करून सगळे गेले. राहिली चौघं आणि मेंढरं.

इंद्रजितनं उत्कर्षाचं मनगट धरलं आणि तिला गाडीच्या आडोशाला नेलं.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "गाडीचा विमा चालू आहे. नुसती गाडी असती तर याच्या दवाखान्याचं, सगळ्याचं कंपनी बघेल. ट्रेलरमुळं सगळं अडकेल. तो कठड्यापाशीच आहे. एक धक्का पुरे. कोण म्हणणार होता म्हणून?"

"टेम्पोवाल्यांनी उचललाय तो."

"ते कोण, कुठले! परत येणार आहेत का साक्ष द्यायला? उत्कर्षा, गाडी तू चालवत होतीस. तुझ्यावर केस होईल. तुला कळतंय का? तो मेला तर..."

पुढचं उत्कर्षाला ऐकू आलं नाही. तिच्या कानात नुसता घूं घूं आवाज चालला होता. तिला कोठडी दिसली. आईचा चेहरा दिसला. आपण आत आणि बाहेर पौडमधली सगळी माणसं, असं काहीबाही दिसलं. आणि खरं सांगायचं तर ती त्याच्या मागोमाग ट्रेलरपर्यंत गेली. पत्र्यावर तळहात टेकला. पत्रा उन्हानं तापला होता. कठड्याच्या भगदाडातून खाली झाडांचे शेंडे दिसत होते आणि त्याच्याही खाली, फार खाली, कुणाच्या तरी गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"खाली कुणी असलं तर?" ती म्हणाली.

"कुणी नाहीये."

"घंटा ऐकू येतायत."

इंद्रजितनं डोळे मिटले. त्याचेही हात पत्र्यावर होते. दोघं तशीच उभी राहिली. मग उत्कर्षानं हात काढला आणि ती म्हणाली, "मला जमायचं नाही. मी नाही ढकलत. तूही ढकलू नकोस. मी पाया पडते तुझ्या." आणि ती वळली, तर म्हातारी त्यांच्याकडंच बघत होती.

तिनं ऐकलं होतं की नाही, हे उत्कर्षाला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

रुग्णवाहिका यायला फार वेळ लागला. निदान तिला तसं वाटलं. बाजी मधेच बडबडायचा, मधेच गप्प व्हायचा. गप्प झाला की म्हातारी त्याच्या गालावर चापट मारायची. "बाजी, ए बाजी, झोपू नगं. मेंढरं मोज. किती हायेत सांग." आणि तो पुटपुटत मोजायला लागायचा. उत्कर्षा त्याच्या डोक्यावर ओढणीची सावली धरून उभी राहिली. तिच्याशी कुणी बोललं नाही.

रुग्णवाहिकेत बाजीला घातल्यावर डॉक्टरनं विचारलं, "संगती कोण येणार?"

म्हातारी दाराशी गेली. पायरीवर हात ठेवला. मग मागं वळून तिनं डोंगराकडं बघितलं. तिथं तिची मेंढरं कातळावर, झुडपांत, रस्त्याच्या मधोमध विखुरलेली होती आणि ऊन कलायला लागलं होतं.

"वस्तीवर कोन न्हाई," ती म्हणाली. "सून बाळातपनाला गेलीया. मेंढरं हितं टाकली तर सकाळपत्तुर एक ऱ्हायाचं न्हाई." ती इंद्रजितकडं वळली. "तू जा त्याच्यासंगं. त्याला काय लागंल ते बग."

इंद्रजित मुकाट्यानं आत चढला. उत्कर्षाही पायरीकडं वळली, तसा म्हातारीनं तिचा दंड धरला. सुतळीसारखी बोटं, पण पकड लोखंडाची.

"तू न्हाई. तू हितंच ऱ्हायाचं. दोगं बी गेलासा की गेलासा. मग मी तुमाला कुटं हुडकू?"

दार लागलं. गाडी सायरन वाजवत वर निघून गेली. उत्कर्षा त्या अनोळखी म्हातारीच्या ताब्यात घाटातल्या रस्त्यावर उभी राहिली.

"नाव काय तुजं?"

"उत्कर्षा. पौडची."

"मी तुकाबाई. चल. ती काटी घे त्याची."

बाजीची काठी गटारात पडली होती. उत्कर्षानं ती उचलली. तुकाबाई विचित्र आवाज काढत कातळ चढली आणि एकेक मेंढरू खाली येऊ लागलं. मेलेल्या दोन मेंढ्यांच्या अंगावरून तिनं हात फिरवला, त्या कडेला ओढल्या आणि काही न बोलता पुढं झाली.

"मी म्होरं चालती," ती म्हणाली. "तू मागं ऱ्हा. मागनं गाडी आली की ती लाल ओढनी हालव. मधे पड, पर मेंढरावर येऊ देऊ नगंस."

वस्ती घाटाच्या वर, ताम्हिणी गावाच्या अलीकडं होती. म्हणजे सगळा चढ पायी चढायचा, मेंढरांच्या चालीनं. उत्कर्षा कळपाच्या शेवटी चालू लागली. आणि पहिल्याच वळणाअगोदर मागून आवाज आला.

इंजिनाचा. तिनं ओढणी हलवली. गाडी करकचून ब्रेक लावत, हॉर्न देत बाजूनं गेली. आतलं पोरगं खिडकीतून काहीतरी ओरडलं. वाऱ्याचा झोत तिच्या पोटऱ्यांना लागला. तिनं काठी घट्ट धरून ठेवली. पुन्हा एक आली. मग बस. मग मोटारसायकलींची रांग. प्रत्येक वेळी तिची पाठ आक्रसायची, मान खांद्यात जायची. वळणापलीकडून येणाऱ्याला आपण दिसतोय का? दिसलो तरी त्याला थांबता येईल का? गाडीत बसून तिनं या रस्त्यावरून कितीतरी कळप ओलांडले होते, काच खाली करून फोटोसुद्धा काढले होते. त्यांच्या मागं चालणाऱ्या माणसाला सतत पाठीमागं कान लावून चालावं लागतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

सगळ्यात भीती वाटली ती एका मोटारीची. ती विजेवरची होती. तिचा आवाजच आला नाही. टायरांचा सळसळाट ऐकू आला तोवर ती जवळजवळ पाठीला टेकली होती. उत्कर्षा किंचाळून बाजूला झाली, एक कोकरू घाबरून तिच्या पायांत आलं आणि दोघंही कडेच्या गवतात पडली.

तुकाबाई पुढून परत आली. कोकरू उचललं, त्याचे पाय चाचपून बघितले. मग उत्कर्षाला हात देऊन उठवलं.

"लागलं का?"

"नाही."

"मग उठ. थांबून भागायचं न्हाई."

सूर्य डोंगराआड गेला तेव्हा त्या वस्तीवर पोचल्या. दोन छपरं, काट्यांचं कुंपण, एक बाज. मेंढरं आत घातल्यावर तुकाबाईनं ती मोजली आणि मग ती मटकन खाली बसली. तेव्हा पहिल्यांदा ती रडली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. उत्कर्षाला तिच्या जवळ जाववेना आणि लांबही उभं राहवेना.

वस्तीवर रेंज होती. खिशातला फोन वाजायला लागला. इंद्रजितचं नाव होतं. उत्कर्षा नुसती बघत राहिली. उचललं नाही तोवर बाजी जिवंत आहे, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

"उचल की," तुकाबाई म्हणाली. तिचे डोळे फोनवर खिळले होते. "उचल, पोरी. काय आसंल ते आसंल."

तिनं उचलला. इंद्रजितचा आवाज बसला होता. "जगेल म्हणतायत. पुण्याला आणलंय. रक्त दिलं, मीही दिलं. पायाचं आत्ताच काही सांगत नाहीत." मग थोडं थांबून तो म्हणाला, "पोलीस आलेत इथं. मी काय सांगू?"

उत्कर्षानं फोन कानाचा काढून स्पीकरवर टाकला आणि जगेल म्हणतायत एवढं म्हातारीला पुन्हा ऐकवलं. मग ती म्हणाली, "सांग, गाडी मी चालवत होते. मागं ट्रेलर होता. ट्रेलर आमचाच होता, त्याचा विमा नव्हता आणि गाडीला ओढायची परवानगी नव्हती. ब्रेकचं पण सांग. मी उद्या येऊन तेच सांगणार आहे."



"बरं," इंद्रजित म्हणाला.

बोलून झाल्यावर भीती गेली असं मात्र झालं नाही. उलट ती आता अंगात मुक्कामाला आली. दुसऱ्या दिवशी जबाबावरची सही तिला दोनदा करावी लागली. केस झाली. विमा कंपनीनं कळवलं, की ज्या गाडीला ओढायची परवानगीच नाही तिला न नोंदवलेला ट्रेलर जोडला होता, सबब जबाबदारी आमची नाही. ज्ञानदानं कागद वाचले आणि ती एवढंच म्हणाली, "हेच लिहिणार ते. आणि त्यांचं चुकलेलं नाही." बाजीचा सगळा भार उत्कर्षा आणि इंद्रजितवर आला आणि तो त्यांनी उचलला. गाडी विकली, भूगावचा रस्त्याकडेचा प्लॉट विकला. यावरून घरात खूप भांडणं झाली. इंद्रजित कधी म्हणायचा, तू तोंड उघडलंस म्हणून. आणि मग त्याच संध्याकाळी ऑफिसमधून थेट दवाखान्यात जाऊन बाजीशेजारी बसायचा. बाजीच्या नव्या बाळाचा फोटो त्यानंच आपल्या फोनवर पहिल्यांदा त्याला दाखवला.

बाजीचा पाय वाचला, पण वाकडा राहिला. सपाटीवर तो काठीनं चालतो. डोंगर त्याला आता चढवत नाही. निम्मी मेंढरं त्यानं भावकीत देऊन टाकली.

दीड वर्षानं उत्कर्षानं पुन्हा ट्रेलर केला. या वेळी आधी ज्ञानदाकडं गेली आणि मग वर्कशॉपात. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक, स्वतःची नंबरप्लेट, स्वतःचा विमा. जुन्यात घेतलेली गाडीही विजेवरचीच, पण ती किती वजन ओढू शकते हे कंपनीनं लेखी दिलेलं. बॅटरी ती कधीच काठोकाठ भरत नाही आणि घाट कधीच उतरत नाही. तरीही सपाट रस्त्यावर मागून हलकासा धक्का बसला की तिचा श्वास अडकतो.

पहिल्या दिवशी धंद्यावर जाण्याआधी ती ट्रेलर घेऊन तुकाबाईच्या वस्तीवर गेली. का गेली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. दाखवायला म्हणा, विचारायला म्हणा. तुकाबाई कुंपणापाशी शेण थापत होती. तिनं गाडीकडं बघितलं, मागच्या त्या चकचकीत धुडाकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला, की उत्कर्षानं खाली उतरता उतरता दार धरलं.

"आजी, याला आता ब्रेक आहेत. विमा पण आहे. सगळं रीतसर केलंय."

"केलं आसशील," तुकाबाई म्हणाली. हात शेणाचे, ते तिनं तसेच वर धरले होते. "पर माज्या दारात न्हाई. बाजीची धाकटी हितं पळत आसती. लांब न्हेऊन लाव, त्या वडाच्या बी पल्याड. आन मग चालत ये. च्या ठेवती."

उत्कर्षा पुन्हा गाडीत बसली. वडाच्या पलीकडं सपाट जागा बघून तिनं गाडी लावली, हँडब्रेक ओढला, ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून धोंडे लावले, दोनदा हलवून बघितलं, आणि मग वस्तीकडं चालू लागली.